परीक्षक ‘ख’

शीतल पोटभरेने पडद्यावर शेवटचा आलेख लावला तेव्हा निगुडकर सर पहिल्या रांगेत मधोमध बसले होते. दरवर्षी मुलांच्या सादरीकरणाला ते आवर्जून यायचे, पूर्ण वेळ बसायचे आणि शेवटी उठून दोन शब्द बोलायचे. त्या दोन शब्दांसाठी मुलं आठवडाभर तयारी करायची.

“यात तीन परीक्षक आहेत,” शीतल म्हणाली. “त्यांची नावं मला माहीत नाहीत. मॅडमनी नावांच्या जागी अक्षरं दिलीत. क, ख आणि ग.”

मी वर्गाच्या मागे खिडकीपाशी उभी होते. आलेख मी आदल्या दिवशी पाहिला होता. शीतलने तो दाखवल्यावर मी तिला एवढंच म्हटलं होतं, की जोड्या पुन्हा एकदा तपासून घे. तिने तपासल्या होत्या. आकडा हलला नव्हता.

या आकड्यांच्या तासाबद्दल आधी सांगायला हवं. विद्यापीठाने सगळ्या विभागांना पत्र पाठवलं होतं, की मुलांना आकडेवारी वाचायला शिकवा. विभागात कुणालाच ते लचांड नको होतं, म्हणून माझ्या गळ्यात आलं, आणि मला ते आवडायला लागलं. एम.ए.ला येणारी मुलं सूत्रं तोंडपाठ म्हणायची, पण पेपरात ‘नव्वद टक्के लोक समाधानी’ असं छापून आलं की मान डोलवायची. कुठले लोक, कुणी विचारलं, किती जणांनी उत्तर दिलं नाही, हे त्यांच्या मनातही यायचं नाही. म्हणून मी पुस्तकातले आकडे टाकून दिले आणि जवळचे आणायला लागले. एका वर्षी वसतिगृहाच्या खाणावळीचे, एका वर्षी एसटीच्या पासचे. त्या वर्षी परीक्षा विभागाकडून आमच्याच अर्थशास्त्र विभागाचे एम.ए.चे जुने गुण मागून आणले. लेखी परीक्षेचे गुण आणि लघुप्रबंधावरच्या तोंडी परीक्षेचे गुण. विद्यार्थ्यांची नावं मी काढून टाकली. परीक्षकांची नावंही काढून अक्षरं घातली. वर्ष, मुलगा की मुलगी, प्रवर्ग, तालुका, एवढे रकाने राहिले. मला वाटलं होतं मुलं मुलगे आणि मुली तपासतील, फार तर शहर आणि खेडं.

शीतलने प्रवर्गाचा रकाना घेतला.

ती एका गावच्या कोतवालाची मुलगी. वर्गात कमी बोलायची, आणि बोलायची तेव्हा वाक्य जुळवायला जरा वेळ घ्यायची. पण काम असं करायची की त्यात बोट घालायला जागा नसायची. तिने काय केलं, तर लेखी परीक्षेत सारखेच गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक खुल्या प्रवर्गातला, एक राखीव. मग त्या दोघांना तोंडी परीक्षेत काय मिळालं ते पाहिलं. एका जोडीचा एक ठिपका; दोघांना सारखे मिळाले तर रेषेवर, राखीव प्रवर्गातल्याला कमी मिळाले तर खाली.

“क आणि ग या परीक्षकांचे ठिपके बघा,” ती सांगत होती. “रेषेच्या खाली आहेत तसे वरही आहेत. कधी याला जास्त, कधी त्याला. आता ख बघा.”

‘ख’चे जवळजवळ सगळे ठिपके रेषेच्या खाली होते. एखाददुसरा चुकार वर गेलेला, बाकी सगळे खाली, एकाच बाजूला वाऱ्याने ढकलल्यासारखे.

“लेखी सारखं असूनही राखीव प्रवर्गातल्या मुलांना ख यांनी तोंडीला सहा-सात गुण कमी दिलेत.”

“योगायोग असेल,” मागून एक मुलगा म्हणाला.

“एका वर्षी असता तर मीही तेच म्हटलं असतं,” शीतल म्हणाली. “पण हे थांबत नाही. पहिल्या वर्षापासून ते गेल्या वर्षापर्यंत तसंच आहे.”

 निगुडकर सर उठले आणि वळून मुलांकडे तोंड करून उभे राहिले.

“या मुलीने आज जे केलं,” ते म्हणाले, “ते या विभागात मी पस्तीस वर्षांत पाहिलेलं नाही. याला अभ्यास म्हणतात. आणि हा जो कुणी ख आहे, त्याच्या शेजारी मी कधीतरी चहा प्यायलो असेन, याची मला लाज वाटते. तो आज विभागात असेल तर त्याला पुन्हा परीक्षक म्हणून बसवता कामा नये.” मग त्यांनी मान वर करून मला शोधलं. “सुनीती, याचा छडा लावायचा.”

मी मान हलवली. अक्षरं मीच दिली होती. क म्हणजे देशमाने सर, ते गेल्याच वर्षी परीक्षेनंतर वारले होते. ग म्हणजे जोगळेकर बाई, त्या निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या होत्या. आणि ख म्हणजे निगुडकर सर.

सर कसे होते हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. वसंतराव निगुडकर म्हणजे विभागातला सगळ्यात स्वच्छ माणूस. जातपात मानणाऱ्याच्या घरचं पाणी पिणार नाहीत असे. स्वतःच्या मुलीचं लग्न त्यांनी जातीबाहेर लावलं होतं आणि त्यासाठी भावाशी बोलणं टाकलं होतं. दरवर्षी दोन-तीन गरीब मुलांची फी ते गुपचूप भरायचे. मी त्यांची विद्यार्थिनी. त्यांनीच मला शिकवलं, घडवलं, मी नोकरीला लागले ती त्यांच्याच विभागात. माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांच्या आधी मी सरांना सांगितलं होतं.

त्या दुपारी सादरीकरण संपल्यावर मी माझ्या खोलीत मूळ आकडे उघडून बसले. शीतलच्या कामात चूक सापडावी असं मला मनापासून वाटत होतं. सापडली नाही. मग मी माझ्या वर्षाकडे गेले. आमचा वर्ग लहान होता, नावं नसली तरी कोण कोणती ओळ हे मला कळत होतं. लेखीत सगळ्यात वर असलेली मुलगी मी नव्हते. माझ्या वर एक ओळ होती. मुलगी, राखीव प्रवर्ग. ती विशाखा ओव्हाळ. लेखीत ती माझ्या तीन गुणांनी पुढे होती. तोंडीला मला तिच्यापेक्षा अकरा जास्त होते. परीक्षक ख.

मला सुवर्णपदक मिळालं होतं. त्या वर्षी विभागात अधिव्याख्यात्याची एकच जागा निघाली आणि ती पदकवाल्या मुलीला मिळाली.

रविवारी मी विशाखाकडे गेले. तिचं गाव एसटीने अडीच तासांवर, तालुक्याचं. ती तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायची. एम.ए.नंतर आम्ही एकदाच भेटलो होतो, कुणाच्या तरी लग्नात. फोन केल्यावर ती नुसतं “ये की” म्हणाली होती.

बारावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिच्या दिवाणावर पडले होते. तिने ते सरकवून मला बसायला जागा केली, चहा ठेवला आणि समोर स्टुलावर येऊन बसली. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. चेहरा तसाच होता, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत न हलणारा.

मी तिला सगळं सांगितलं. आलेख, जोड्या, ठिपके. आमच्या वर्षाची ओळही सांगितली.  माझं संपल्यावर तिने उठून चहा गाळला, माझ्या हातात कप दिला.

“बरं,” ती म्हणाली.

“तुला धक्का नाही बसला?”

“कशाचा?”

“विशाखा, पदक तुझं होतं.”

“ते मला निकाल लागला त्याच दिवशी माहीत होतं,” ती म्हणाली. “तुला आज कळलं. तुला मोजावं लागलं, एवढाच फरक.”

 मी म्हटलं, “मला वाटायचं, तू तोंडीला घाबरली असशील. तू बोलायला तशी…”

“तशी काय?”

“कमी बोलायचीस.”

“सुनीती, तुला आठवतं का, आपण बाहेरच्या बाकावर बसलो होतो? तुझा नंबर माझ्या आधी होता. तू आत चांगली तासभर होतीस.”

“पाऊण तास.”

“पाऊण तर पाऊण. बाहेर ऐकू येत होतं. सर तुला उलटसुलट विचारत होते, तू वाद घालत होतीस, मध्येच दोघं हसत होतात. मला वाटलं, चला, आज मजा येणार. माझी तयारी झालेली होती. दोन वर्षं बाजार समित्यांचे उंबरठे झिजवले होते, कुठूनही विचारा म्हणावं.” ती थांबली. “मी आत गेले. सरांनी मला पाणी दिलं. गाव कुठलं विचारलं. वडील काय करतात विचारलं. आई शिकली का विचारलं. म्हणाले, एवढ्या परिस्थितीतून इथवर आलीस, फार कौतुक वाटतं. मग म्हणाले, जा आता, घाबरू नकोस. दहा मिनिटांत मी बाहेर.”

“प्रबंधावर?”

“एक प्रश्न नाही. माझी दोन्ही वर्षांची फी त्यांनीच भरली होती ग. त्यांच्याशी भांडायला जाणार होते का मी? त्यांचे डोळे भरून आले होते माझ्याशी बोलताना.”

रस्त्यावरून लाऊडस्पीकर लावलेली भाजीची गाडी गेली. 

“मी सरांशी बोलणार आहे,” मी म्हटलं.

“बोल.”

“तुझं नाव घेऊ का?”

“माझं नाव कशाला? माझ्या नावाने काय होणार आहे? मला तुझी नोकरी मिळणार आहे?” तिचा आवाज चढला नव्हता. “तू वाईट नाहीस, सुनीती. तेव्हाही नव्हतीस. पण तू आज इतक्या लांब आलीस ते माझ्यासाठी आलीस का, ते एकदा स्वतःला विचार. मला पेपर संपवायचेत. जेवून जाणार असशील तर भात टाकते.”

मी जेवले नाही. परतीच्या गाडीत तिचं एकच वाक्य डोक्यात घोळत राहिलं, आणि ते पदकाबद्दलचं नव्हतं. ‘तुला मोजावं लागलं.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सरांच्या घरी गेले. त्या वर्षी ते निवृत्त होणार होते. विभागाच्या ग्रंथालयाला द्यायची पुस्तकं त्यांनी व्हरांड्यात मांडून ठेवली होती आणि फडक्याने एकेक पुसत होते. मला बघून खूश झाले.

“ये, ये. लागला का छडा?”

“सर, मला आधीपासूनच माहीत होतं. अक्षरं मीच घातली होती.”

“मग त्या दिवशीच का नाही सांगितलंस? कोण, देशमाने? मला संशय होताच. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण तो…”

“देशमाने सर नाहीत. तुम्ही आहात, सर.”

ते हसले. मग माझा चेहरा पाहून हसायचे थांबले. हातातलं पुस्तक त्यांनी गठ्ठ्यावर नीट ठेवलं, कडा जुळवली.

“पुन्हा तपासलंस?”

“तीनदा.”

 मग म्हणाले, “मी ओव्हाळची फी भरली होती. सलग दोन वर्षं. ती माझ्या घरी जेवायला यायची. आमच्या हिला विचार.”

“मला माहीत आहे, सर. तुम्ही हे मुद्दाम केलं असं कुणीच म्हणत नाही.”

“मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं,” सर म्हणाले. “निदान कबूल तरी करता आलं असतं. जे केलंच नाही ते कबूल कसं करू?”

“तोंडीला तुम्ही नेमकं काय बघायचात, सर?”

“काय बघायचो म्हणजे? विचारांची स्पष्टता. मांडणी. आपलं म्हणणं चार लोकांत रेटता येतं का. कागदावर जे कळत नाही ते. तू उत्तम बोलली होतीस. मला आजही आठवतं. माझं म्हणणं तू खोडून काढलं होतंस.”

“आमच्या घरी जेवताना तेच चालायचं, सर. बाबा आणि काका वाद घालायचे, आम्ही मुलं मध्ये तोंड घालायचो. मला सवय होती.”

“मग तो तुझा दोष का माझा?”

 त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला. म्हाताऱ्या माणसाला असं दुखवून आपण काय मिळवलं, असं मला वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की विशाखा बाहेर आली तेव्हा मी तिला विचारलंही नव्हतं, कसं झालं म्हणून.

“या वर्षी तोंडीला मी बसत नाही,” सर म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “नाही. बसतो. न बसणं म्हणजे पळणं झालं. ती पोटभरे, तिची पण तोंडी आहे ना?”

“हो, सर.”

“ठीक आहे,” ते म्हणाले. “जा तू आता.”

तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. बाहेरून एक परीक्षक आले होते, पण ते वयाने लहान, सरांचेच जुने विद्यार्थी, सर बोलतील त्याला मान हलवणारे. शीतलच्या प्रबंधाची मार्गदर्शक मी होते, म्हणून मला आत बसता येत होतं. बोलता मात्र येत नव्हतं. तसा नियम होता.

शीतलचा लघुप्रबंध ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मजुरीवर होता. तिने दोन हंगाम फडावर जाऊन माहिती गोळा केली होती. त्यात मजुरी मोजण्याच्या प्रकरणातली एक जागा मला स्वतःला कच्ची वाटत होती, आणि तिलाही. त्यावर प्रश्न आला तर काय सांगायचं याची आम्ही दोघींनी तयारी केली होती. उत्तर चांगलं होतं. मला ते ऐकायचं होतं.

सरांनी तिला बसायला सांगितलं. पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

“गाव कुठलं तुझं?”

तिने सांगितलं.

“वडील?”

“कोतवाल आहेत.”

“भावंडं?”

“दोन बहिणी. धाकट्या.”

“त्या शिकतात?”

“हो, सर.”

“छान,” सर म्हणाले. “फार छान. आईला काय वाटतं, तू एवढी शिकलीस त्याचं?”

शीतलने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ती म्हणाली, “बरं वाटतं.”

“माझी ही शेवटची तोंडी परीक्षा,” सर म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. “तुझ्यासारखी मुलगी समोर बसली, मला सगळं भरून पावलं. जा, बेटा.”

“सर, प्रबंधाबद्दल काही…”

“वाचलाय मी. उत्तम आहे.”

ती उठली. दारापर्यंत गेली आणि एक क्षण तिथे थांबली, कुणी परत बोलावतंय का बघायला. मग बाहेर गेली. तिच्यानंतर कुलकर्णी नावाचा एक मुलगा आला. त्याला सरांनी चलनवाढीवर चांगलंच धारेवर धरलं. तो अडखळला, सावरला, एका प्रश्नावर सरांनाच उलट प्रश्न विचारून गेला. सर मोठ्याने हसले.

संध्याकाळी गुणांचा कागद सही होऊन गेला. शीतलला शंभरापैकी अठ्ठ्याण्णव. विभागात इतके गुण तोंडीला कधी कुणाला मिळाले नव्हते. मलाही नाही. सही करून सर चहाला आले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, “सुनीती, हा ठिपका पण घाल तुझ्या आलेखात. रेषेच्या वर येईल.”

कुणीतरी हसलं. त्यांना माहीत नव्हतं कशाबद्दल आहे ते. सर मात्र हसत नव्हते. ते मनापासून बोलत होते. त्यांना वाटत होतं, त्यांनी हिशेब मिटवला.

निकाल लागला. शीतल पहिली आली, पदक तिला जाहीर झालं. दोन दिवसांनी ती माझ्या खोलीत आली. मी पेढ्यांचा बॉक्स आणून ठेवला होता, तो पुढे केला. तिने हात लावला नाही.

“मॅडम, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“ख म्हणजे निगुडकर सर ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. त्या दिवशी तोंडीला बसले तेव्हा कळलं. कुलकर्णीला किती विचारलं, मला प्रबंधावर एकही प्रश्न नाही.”

मी हो म्हटलं.

“तुम्ही त्यांना सांगितलं होतं? तोंडीच्या आधी?”

“सांगितलं. त्यांनी स्वतःच छडा लावायला सांगितला होता. त्यांच्यापासून लपवून मी हे दुसऱ्या कुणापुढे नेणार नव्हते.”

“नाही, बरोबर केलंत,” ती म्हणाली. “मी पण तेच केलं असतं.” मग ती बसली. पिशवी मांडीवर घेऊन बसली, एसटीची वाट बघत असल्यासारखी. “मॅडम, लेखीत मी आणि कुलकर्णी जवळजवळ सारखे आहोत. मी दोन गुणांनी वर. सरांनी मला नेहमीसारखे दिले असते तर मी दुसरी आले असते. बरोबर?”

“बहुतेक.”

“आणि त्यांनी प्रश्न विचारले असते, मी उत्तरं दिली असती, आणि त्याप्रमाणे गुण दिले असते, तर?”

“तर तू पहिली आली असतीस,” मी म्हटलं.

“हे तुम्हाला कसं माहीत?”

मी पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं.

“मला तेवढंच पाहिजे होतं, मॅडम. त्या मजुरीच्या प्रकरणावर कुणीतरी मला अडवायला पाहिजे होतं. मला पदक मिळालं असतं किंवा नसतं. पण ते माझं असतं. आता वर्गातली पोरं म्हणतात, आलेखाच्या जोरावर घेतलं. आणि मला त्यांना खोटं पाडता येत नाही. कारण मला पण माहीत नाही.”

“शीतल, तुझं काम पहिल्या नंबरचंच आहे. मी मार्गदर्शक आहे तुझी.”

“तुम्ही चांगल्या आहात, म्हणून म्हणताय,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. “विद्यापीठाला आपण तो आलेख द्यायचा होता ना? परीक्षा समितीला?”

“देणार आहे. मी पत्र लिहिलंय.”

“त्यात आता माझा पण आकडा येणार. ते तोच दाखवतील.”

तसंच झालं. समितीची एकच बैठक झाली. कुलसचिव म्हणाले, निगुडकरांसारख्या माणसावर बोट ठेवताना विचार करायला हवा होता, आणि ज्या मुलीने हा आरोप केला तिलाच त्यांनी विभागाच्या इतिहासातले सर्वोच्च गुण दिलेत, यापेक्षा निःपक्षपातीपणाचा मोठा पुरावा कोणता. एका ठिपक्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, तुमचं शास्त्र तुम्हाला माहीत, आम्हाला माणसं माहीत. मग ठराव झाला, की विद्यार्थ्यांची माहिती अशी वर्गात वापरणं धोक्याचं आहे, इथून पुढे परीक्षा विभागाने ती कुणालाही देऊ नये. आकड्यांच्या तासासाठी विद्यापीठाने एक तयार पुस्तिका मागवली. तिच्यात परदेशातल्या मोटारींचे आकडे आहेत, कुठली गाडी किती पेट्रोल पिते त्याचे. मुलं ते झटपट सोडवतात. कुणाच्या मनाला काही लागत नाही.

सरांचा निरोप समारंभ सभागृहात झाला. भाषणात त्यांनी शीतलचं नाव घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती आली नव्हती. सरांना तिचं न येणं खरोखर लागलं. मला म्हणाले, “मी काय कमी केलं ग तिला?” मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. पुढे चार वर्षांनी ते गेले. शेवटपर्यंत मी त्यांना भेटत राहिले, पण तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

शीतल दुसऱ्या राज्यात पीएच.डी.ला गेली. आज ती एका नावाजलेल्या संस्थेत आहे, ऊसतोडीच्या बायकांवरचं तिचं पुस्तकही आलं. संस्थेच्या संकेतस्थळावर तिची माहिती आहे. कुठे शिकली, काय लिहिलं, सगळं आहे. पदकाचा उल्लेख नाही.

विशाखाला मी एकदा फोन केला होता, समितीचं काय झालं ते सांगायला. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “बरं.” त्यानंतर मी केला नाही.

आता विभागाची प्रमुख मी आहे आणि तोंडी परीक्षा मी घेते. गाव, वडील, आई विचारत नाही. प्रत्येकाला प्रबंधावरचे सारखेच प्रश्न, समोर घड्याळ ठेवून सारखाच वेळ. आवाज बारीक असला, मुलगा अडखळला, तरी थांबते, पुन्हा विचारते. दरवर्षी निकाल लागल्यावर मी दार लावून बसते. मी दिलेले गुण माझ्याकडेच असतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. लेखीला सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावते आणि ठिपके मांडते.

फरक कमी झाला आहे. गेलेला नाही.